नूफच्या मापाचा दस्ता

राशिद आला तेव्हा त्याच्याबरोबर रायफल होती, बहीण नव्हती. मला तिथेच खटकलं.

रायफल बहिणीची. नेमबाजीच्या क्लबची ट्रायल, म्हणजे टीमची निवड, बहिणीची. आणि माप द्यायला भाऊ. पण आमच्या दुकानात हे असंच चालतं. घरातल्या बाईचं काही असलं की पुरुष येतो, बोलतो, माप देतो आणि घेऊन जातो. गमबूट असो, जॅकेट असो, नाहीतर रायफल.

दुकान शिकारीच्या सामानाचं आहे. पुढे तंबू, दुर्बिणी, कॉफीच्या किटल्या, ससाण्यांच्या डोळ्यांवर घालायच्या चामड्याच्या टोप्या. मागे एक खोली, तिथे बंदुकांची दुरुस्ती. मालक कतारी, तो वर्षातून दोनदा येतो आणि खजूर खाऊन जातो. सगळं बघतात ते माझे जहूरचाचा. मूळचे दापोलीकडचे, पण माझ्या जन्माआधीपासून इथे.

मी हजरा. अकरावीत केमिस्ट्रीच्या सरांवर डस्टर फेकलं आणि शाळा सुटली. डस्टर त्यांनीच आधी माझ्यावर फेकलेलं, मी फक्त परत केलं. अब्बा रास लफानला गॅसच्या कारखान्यात शिफ्टवर, सुट्टीला घरी आले की एकच विषय, बाहेरून बारावीला बस. आई म्हणाली, तोपर्यंत ही घरी बसली तर माझं डोकं खाईल, आणि मला चाचांच्या गळ्यात बांधलं. चाचांनाही बायकांच्या वेळेला दुकानात कोणीतरी बाई हवीच होती. आमच्या फरीज बिन ओमरान मोहल्ल्यातून आम्ही दोघं रोज त्यांच्या खटारा गाडीतून यायचो. वर्ल्ड कपला तेव्हा अजून तीन वर्षं होती आणि अख्खं दोहा शहर खणून ठेवलेलं. काल होता तो रस्ता आज नाही. चाचा रोज म्हणायचे, "फुटबॉल खेळायला येणार बावीस माणसं, आणि खड्डे बघ."

तर राशिद. पंचविशीचा असेल, उंच, हात लांब, अत्तर लांबून यायचं. त्याने केस उघडली. आत पॉइंट टू टूची सेमी-ऑटोमॅटिक रायफल, इथली लोकं तिला सकतून म्हणतात. जुनी पण छान ठेवलेली. तिला मागे सरकता दस्ता होता.

दस्ता म्हणजे रायफलचा मागचा भाग, खांद्याला टेकवतात तो. त्याच्यावर गाल ठेवून नेम धरतात. सरकता दस्ता पुढेमागे करता येतो, म्हणजे बुटक्यालाही चालतो आणि उंचालाही. पण क्लबने बायकांच्या स्पर्धेसाठी नवा नियम काढला होता, दस्ता फिक्स पाहिजे. सरकता नाही, दुमडता नाही. ट्रायल गुरुवारी.

"अक्रोडाचा लावा, सदीक," राशिद चाचांना म्हणाला. वयाने दुप्पट माणसाला सदीक, म्हणजे मित्रा. मला ते कधीच आवडलं नाही. चाचांना फरक पडत नाही.

चाचांनी त्याचा हात कोपरात वाकवला, दस्ता कोपराच्या खाचेत बसवला आणि बोट ट्रिगरपर्यंत कुठे पोचतं ते बघितलं. त्यांची पद्धत हीच. मग शेल्फवरून अक्रोडाचा लांब दस्ता काढला.

"नेमबाजी कोण करणार?" मी मुद्दाम विचारलं.

"माझी बहीण," राशिद म्हणाला. "नंतर मी."

"मग बहिणीचा हात—"

काउंटरखाली चाचांची चप्पल माझ्या पायावर आली. जोरात.

राशिद गेल्यावर मी पाय चोळत म्हणाले, "त्याचा हात माकडासारखा लांब आहे. तिचा तसाच असेल कशावरून?"

"गिऱ्हाईक माप देतो, आपण बसवतो," चाचा म्हणाले. "तुझा काय जातो गो?"

माझं काही जात नव्हतं. मी ससाण्यांच्या टोप्या पुसायला घेतल्या.

मंगळवारी दुपारच्या नमाजानंतर, बायकांच्या वेळेला, ती स्वतः आली. ड्रायव्हर केस आत ठेवून बाहेर गाडीत जाऊन बसला. अबाया, नकाब, फक्त डोळे दिसत होते, आणि डोळे रागावलेले होते.

"हे कोणाच्या मापाचं आहे?" तिने हिंदीत विचारलं. हिंदी चांगली होती, तिला लहानपणी सांभाळणारी बाई हैदराबादची होती, हे मला नंतर कळलं.

"तुमच्या भावाच्या," मी म्हणाले.

चाचा खोकले.

"मला दिसतंय," ती म्हणाली. "मी नूफ. रायफल माझी आहे."

मागच्या खोलीत तिने सगळं सांगितलं, आणि ते तिने मला सांगितलं, चाचांना नाही. आजोबा वाळवंटात तंबू टाकायचे तेव्हा ती त्यांच्याजवळ बसायची. आजोबांनी मरण्याआधी वाटणी केली. ससाणा राशिदला, रायफल नूफला. पुढच्या उन्हाळ्यात ससाणा मेला.

"तेव्हापासून राशिदला रायफल दोघांची वाटते," ती म्हणाली.

मला हसू आलं. ती नाही हसली.

लायसन वडलांच्या नावावर. वडील म्हणाले होते, टीममध्ये आलीस तर रायफल तुझ्याकडे राहील, नाही आलीस तर राशिदला देऊन टाक, घरात कटकट नको. म्हणजे गुरुवारी जे होईल ते.

"खांद्याला लावून दाखवा," मी म्हणाले.

तिने नकाबाला हात लावला आणि थांबली. चाचांकडे बघितलं.

आता हा घोळ नीट सांगते. दस्ता बरोबर आहे का ते गालावरून कळतं. गाल कुठे टेकतो, डोळा नेमाच्या रेषेत येतो की नाही. नकाबावरून ते दिसत नाही, कापड सरकतं, फुगतं. म्हणजे नकाब काढायला हवा. चाचा खोलीत असताना ती काढणार नाही. आणि चाचा खोलीबाहेर जाऊ शकत नाहीत, कारण मालकाचा एकच कडक नियम आहे. बंदूक केसबाहेर असेल तेव्हा चाचांनी त्याच खोलीत असायचं. हा नियम मोडल्याबद्दल आधीच्या माणसाला त्याने नोकरीवरून काढून देशात परत पाठवलेलं.

"चाचा, तुम्ही बाहेर जा."

"मी बाहेर जात नाय."

"मग तिचा गाल मी कसा बघू?"

"कालपर्यंत बायका माप देत नव्हत्या, तरी दुकान चाललं ना?"

"आणि माप चुकलं ना?"

 चाचांनी रायफल घेतली, आत काही नाही ना ते दोनदा बघितलं, टेबलावर ठेवली. आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. समोर मागच्या वर्षीचं कॅलेंडर होतं. हात मागे बांधले.

"खोलीत हाय मी," ते भिंतीला म्हणाले. "करा काय करायचं ते."

वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे दिसत होते. नूफ पहिल्यांदा हसली, आवाज न करता. नकाब काढला. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. गालावर उजव्या बाजूला निळसर डाग होता, हाडाखाली.

"हे काय?"

"काल सराव केला. दस्ता लांब आहे, मान पुढे काढावी लागते. मग गाल आपटतो."

तिने रायफल खांद्याला लावली. दस्ता काखेत चालला होता. बोट ट्रिगरवर नुसतं टोकाने पोचत होतं.

"कसा बसतोय?" चाचांनी भिंतीला विचारलं.

"लांब आहे. दोन बोटं."

"आडवी की उभी?"

"आडवी, चाचा. उभी दोन बोटं लांब असता तर मीच बोंब मारली असती."

"गाल?"

"गाल मस्त बसतोय. डोळा सरळ रेषेत. उंची एकदम बरोबर आहे. फक्त लांबी."

"मग काळा प्लॅस्टिकवाला काढ. दुसऱ्या कप्प्यात. तो आखूड हाय."

काढला. बसवायला मला वेळ लागला. चाचा भिंतीकडे तोंड करून सांगत होते, आधी मागचा स्क्रू, मग पुढचा, आणि मी "माहितीये" म्हणत होते. माहिती नव्हतं.

प्लॅस्टिकवाल्याची लांबी बरोबर आली. पण तो सपाट. गाल टेकवला की तिचा डोळा नेमाच्या खाली जायचा, मग ती मान उचलायची, मग गाल हवेत. गाल हवेत म्हणजे प्रत्येक वेळी डोळा वेगळ्या जागी.

"नाही चालत," मी म्हणाले.

"चालतो," चाचा म्हणाले. "तो चांगला हाय. त्याच्यात मागे चकत्या टाकल्या की लांब पण होतो. आज ही मारेल, उद्या भाऊ मारेल. सगळे खूश."

"फिक्स दस्ता पाहिजे ना?"

"चकत्या स्क्रूने बसतात. स्क्रू म्हणजे फिक्स."

नूफला मराठी कळत नव्हतं, पण "भाऊ" कळलं असावं. म्हणाली, "काय म्हणतात?"

मी सांगितलं. जसंच्या तसं. प्लॅस्टिकवाला दोघांना चालेल पण तुला नीट चालणार नाही. अक्रोडाचा तुझ्या चेहऱ्याला बरोबर आहे पण लांब आहे. कापला तर तुझा होईल. मग भावाला नाही चालणार. कापलेलं परत वाढत नाही.

ती दोन्ही दस्त्यांकडे बघत राहिली. बाहेर कुठेतरी ड्रिलिंग चालू होतं, खिडकीची काच थरथरत होती.

"अक्रोडाचा," ती म्हणाली. "कापा."

मी चाचांना सांगितलं.

"सुतार नाय," भिंत म्हणाली.

आमचा सुतार शाजी. त्याला एका कंपनीने उचलून स्टेडियमच्या कामावर नेलेलं, व्हीआयपी लोकांच्या खोल्यांना लाकूड ठोकायला. दोहात तेव्हा करवत धरता येणारा एक माणूस मोकळा नव्हता. चाचा म्हणाले, मागवून घेऊ, बाहेरून तीन आठवड्यांत आखूड दस्ता येईल.

"ट्रायल परवा आहे."

"मग काळा लावा."

"करवत आहे आपल्याकडे. ड्रॉवरमध्ये आहे, मी बघितलीय."

"हजरा." चाचांनी आवाज खाली आणला. "हिच्या भावाने अक्रोडाचा लांब मागितलान. त्याने माप दिलान. मी त्याला न विचारता करवत लावली, आणि तो मालकाकडे गेला, तर? ही भाऊ-बहीण ईदला गळ्यात गळे घालतील. मी विमानात असेन. फोन लाव म्हणावं भावाला."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

मी नूफला सांगितलं. तिने लगेच फोन लावला, स्पीकरवर. अरबी मला बाजारापुरतं येतं. राशिदचं बोलणं त्याच्यापेक्षा सोपं होतं. ला, ला, ला, म्हणजे नाही, नाही, नाही. मग काहीतरी लांब, मग "प्लॅस्टिक." मग "खलास." फोन त्यानेच ठेवला.

"ऐकलंस?" चाचा म्हणाले. "खलास म्हणाला. आता काळा बसव आणि यल्ला, जाऊ दे तिला."

आणि माझं डोकं फिरलं.

"खलास त्याच्यासाठी असेल! रायफल हिची, खांदा हिचा, गाल हिचा फुटलाय, आणि फोन भावाला? चाचा, तुम्ही त्या कॅलेंडरलाच विचारा, तेच तुमच्याएवढं अकलेचं आहे. मागच्या वर्षीचं!"

"तोंड सांभाळ."

"तुम्ही तोंड फिरवून उभे, मी तोंड सांभाळू?"

 चाचांचे मागे बांधलेले हात घट्ट झाले, एवढंच मला दिसलं. नूफ आमच्याकडे आळीपाळीने बघत होती, एकीच्या चेहऱ्याकडे आणि एकाच्या पाठीकडे.

मग तिने शांतपणे विचारलं, "करवत कुठे आहे?"

मी ड्रॉवर उघडला.

मी कापणार होते. खरं सांगते, करवत माझ्याच हातात होती. तिने हात पुढे केला. "तू कापलंस तर तुमचं दुकान अडकेल. मी कापलं तर माझ्या घरातलं भांडण," ती म्हणाली. मी करवत दिली.

आम्ही प्लॅस्टिकवाला काढला. अक्रोडाच्या दस्त्याची मागची रबराची पट्टी काढली. तिचा हात कोपरात वाकवून मी चाचांच्याच पद्धतीने माप घेतलं, अबायाची बाही वर सारून, नुसत्या हातावर. पेन्सिलने रेघ मारली. रबराची जाडी आठवली म्हणून रेघ पुसून परत मारली. दस्ता टेबलाच्या शिकंज्यात आवळला, खाली जुना टॉवेल घातला.

नूफने करवत ठेवली आणि एकदा ओढली. तो आवाज अख्ख्या खोलीत गेला.

"हजरा!" चाचा ओरडले. "कोण कापतंय?"

"गिऱ्हाईक कापतंय, चाचा."

त्यांचे खांदे वळायला लागले. मी बघत होते. अर्धे वळले, आणि थांबले. कारण तिचा नकाब काढलेला होता. वळले तर तिचा चेहरा दिसणार. जहूरचाचांनी आयुष्यात कुठल्या परक्या बाईचा चेहरा तिच्या मर्जीशिवाय बघितला नाही, आणि त्या दिवशीही बघितला नाही. ते परत कॅलेंडरकडे वळले.

नूफने दुसऱ्यांदा ओढली. तिसऱ्यांदा. करवत अडकत होती, तिला सवय नव्हती. भुसा टॉवेलवर पडायला लागला, गडद, जायफळासारखा.

 मग भिंतीकडून आवाज आला.

"टेप लावलास?"

"कसला टेप?"

"रेघेवर टेप लाव गो. नाहीतर साल उडेल. आणि तिला सांग, दाबू नको. करवतीला तिच्या वजनाने जाऊ दे."

मी टेप लावला. रेघ टेपवर परत मारली. तिला हिंदीत सांगितलं. तिने खांदे सैल सोडले, आणि करवत चालायला लागली.

"आवाज आता बरा हाय," चाचा म्हणाले.

तुकडा खाली पडला. घासणं, रबराची पट्टी बसवणं, स्क्रू, सगळं चाचांनी भिंतीकडूनच करून घेतलं. शेवटी नूफने रायफल खांद्याला लावली. डोळे मिटून लावली, मग उघडले. मी समोरून बाजूला होऊन बघितलं. डोळा रेषेत, गाल लाकडावर, बोट ट्रिगरवर पहिल्या पेरापर्यंत. मान सरळ.

"कसा बसतोय?" चाचांनी विचारलं.

"शिवल्यासारखा."

नूफने नकाब लावला आणि चाचांच्या पाठीला म्हणाली, "शुक्रन, अम्मी." अम्मी म्हणजे अरबीत काका. चाचा वळले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग भुशाकडे.

 घरी जाताना कॉर्निशचा, म्हणजे समुद्राकाठचा रस्ता बंद होता. आम्ही भलत्याच बाजूने फिरून आलो. सिग्नलला चाचा एवढंच म्हणाले, "रबराची जाडी धरलीस?"

"धरली."

"हं."

गुरुवारी नूफ चौथी आली. टीममध्ये तिघी घेतात, चौथी राखीव. हे मला तिने मेसेजवर कळवलं, सोबत टार्गेटचा फोटो. भोकं जवळजवळ होती, पण मधोमध नव्हती. मी लिहिलं, राखीव म्हणजे टीममध्येच ना? तिने लिहिलं, मी म्हणते हो, राशिद म्हणतो नाही, बाबांनी अजून सांगितलं नाही.

शनिवारी राशिद आला. रायफल घेऊन. वडलांच्या कपाटाची चावी त्याच्याकडे होती. त्याने केस उघडली आणि रायफल खांद्याला लावली, आम्हाला दाखवायला. हात कोपरात दुमडून छातीशी आला आणि अंगठा नाकावर आपटला. मी तंबूंच्या मागे गेले. हसू दाबायला तीच जागा होती.

"लांब करा," तो म्हणाला. "कापलेला तुकडा चिकटवा."

तुकडा मागच्या खोलीच्या दाराखाली अडकवून ठेवलेला होता, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून. अगदी मापात बसतो. तो तिथून मला दिसत होता, राशिदलाही दिसला असणार.

चाचांनी रायफल हातात घेतली. आत रिकामी आहे ना बघितलं. कापलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला, सावकाश.

"तुकडा हाय," ते हिंदीत म्हणाले. "पण भुसा झाडून टाकला, सर. तो कुठून आणू?"

राशिदला कळलं नाही की ही चेष्टा आहे की नाही. मलाही नाही कळलं.

"मग नवा मागवा. लांब. माझ्या मापाचा."

"मागवतो ना. इन्शाल्ला तीन आठवडे." चाचांनी फोन काढला. "फक्त लायसन वडलांचं हाय, तर त्यांना एक फोन करून विचारतो. रायफल कोणाची, माप कोणाचं घेऊ. मागच्या वेळी माझी चूक झाली, मी विचारलं नाय."

राशिद चाचांकडे बघत राहिला. चाचा फोनकडे. नंबर शोधत होते, किंवा शोधल्यासारखं करत होते.

"राहू दे," राशिद म्हणाला.

त्याने केस बंद केली. चेन ओढताना ती मध्ये अडकली, त्याने परत ओढली. जाताना सदीक म्हणाला नाही.

चाचा काउंटरवरचं काहीतरी सरळ करत होते. मी तंबूंच्या मागून बाहेर आले.

"मालकाकडे गेला तर?" मी विचारलं.

"गेला तर गेला," चाचा म्हणाले. "त्या मागच्या खोलीतलं कॅलेंडर काढ गो. मागच्या वर्षीचं हाय."